खात्रीशीर

दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं
तेव्हा आम्ही खालच्या फळीवरची पातेली वरच्या फळीवर चढवली.
हे नेहमीचंच.
भांडी बाजारातलं पोर पाढ्यांच्या आधी
मारुतीवरून पूर मोजायला शिकतं:
गुडघे म्हणजे चहा पिऊन घ्या,
कंबर म्हणजे शटर ओढा,
छाती म्हणजे देव उचला
आणि वरच्या मजल्यावर कुणाच्याही घरात शिरा, चपलांसकट.

सव्वाचारला पाणी कंबरेला
आणि फोनमध्ये एक बाई.
एकोणचाळीस सेकंद.
"ऐका, गंगापूर धरणाचा दरवाजा निखळलाय,
आमचे हे तिथंच आहेत, अर्ध्या तासात
रविवार कारंजापर्यंत पाणी येतंय,
लेकरं घ्या न् पळा."
धाप लागलेली. खरोखरची धाप.

गल्लीच्या ग्रुपात माणसं एकशे बारा.
मी कुणाचं वाईट चिंतणारा नाही,
वजनात कधी तोळा मारलेला नाही.
फक्त वाटलं, नुसताच आवाज टाकला
तर लोक झोपेत ऐकतील,
म्हणून खाली एक शब्द जोडला, माझ्या अंगठ्याने:
खात्रीशीर.

पुढे जे झालं ते पाण्याने केलं नाही.
पंचवटीतली माणसं पूल ओलांडून इकडे पळाली,
इकडची पंचवटीत,
मधोमध एकमेकांना भिडली
आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांना वेड्यात काढलं.
एका सराफाने तिजोरी उघडी टाकून कुत्रं उचललं.
गणेशवाडीत मेथीच्या जुड्या तुडवत
रिक्षा गेल्या, आणि द्वारकाबाई गांगुर्डे,
ज्यांनी असले पूर पदराला पुसलेत,
त्या पायरीवरून घसरल्या त्या
पाण्याला भिऊन नाही, माणसांच्या रेट्याने.

तिकडे धरणावर शाखा अभियंता थेटे
ओल्या बोटाने एकच ओळ टाइप करत होते:
सर्व दरवाजे सुस्थितीत, विसर्ग एकोणीस हजार क्युसेक.
आली ती ओळ. आमच्या ग्रुपातही आली.
कोण पुढे पाठवणार?
तिला धाप नव्हती.

साडेसहाला सिन्नरहून मेव्हण्याचा मेसेज.
तीच बाई, तेच एकोणचाळीस सेकंद,
खाली: खात्रीशीर.
आणि खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात गोळा आला.
बायकोला हाक मारली, अगं, सिन्नरपर्यंत कळलंय,
खात्रीशीर म्हणतायत.

आपण आहेरात दिलेला तांब्या
दहा लग्नं फिरून आपल्याच घरी यावा,
आपण तो टिचकी मारून पाहावा
आणि म्हणावं, वा, माल अस्सल आहे.

दुकानात मी प्रत्येक भांड्यावर नाव घालून देतो,
अक्षराला दोन रुपये.
त्या शब्दावर घालायचं राहिलं.

रात्री मारुती कंबरेपर्यंतच.
झोप येईना म्हणून पुन्हा लावला तो आवाज
कानाला चिकटवून.
एकविसाव्या सेकंदाला, तिच्या धापेच्या मागे,
कुकरची शिट्टी.
मग अजून एक.
तिचा नवरा धरणावर, दरवाजा निखळलेला,
आणि घरात वरण-भात शिजत होता.
एकशे बारा माणसांत
एकालाही ती शिट्टी ऐकू आली नाही,
मला तर घरात रोज चार ऐकायची सवय.
की तिलाही कुणीतरी असंच सांगितलं होतं,
आणि तिने फक्त धाप जोडली?

चिखल धुऊन झाल्यावर सिव्हिलला गेलो,
सोबत डझनभर केळी.
द्वारकाबाईंच्या खुब्यात सळई घातलेली.
मला बघून म्हणाल्या,
"कोन्या मेल्यानं धाडलं आसंल हो ते?
तुमालाबी आलतं का?"

पंख्याला करकर होती.
केळ्यांची पिशवी मी या हातातून त्या हातात घेतली.

"हो," म्हणालो, "मलाही आलं होतं."